जावाचे पहिले तीनशे किलोमीटर

शुक्रवार : भद्रकाली ते गिरणारे

मेकॅनिक चाचांनी गाडी न्यायला मुद्दाम सकाळी साडेसातची वेळ दिली होती. नाशिकच्या भद्रकालीतली दुकानं अजून उघडायची होती, दूध बाजारातली गर्दी सुरू व्हायची होती. "पहिल्या दिवशी बघे नकोत ताई," ते आदल्या रात्री फोनवर म्हणाले होते. "गाडी बुजते." यंत्र बुजतं यावर चाचांचा खरोखर विश्वास आहे, आणि दीड वर्ष त्यांच्या गॅरेजात जाऊन-येऊन आता माझाही बसला आहे.

गाडी म्हणजे माझ्या वडिलांची, नानांची, १९६९ ची जावा २५० मोटारसायकल. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनलेली, मरून रंगाची, टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोम आणि त्यावर हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा. नाना तेव्हा ओझरच्या एचएएलमध्ये फिटर होते, मिग-२१ च्या जोडणीवर. पंचवटी ते ओझर आणि परत, ऊन असो पाऊस असो, याच गाडीवर. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि सुटे भाग मिळेनासे झाले. १९९८ मध्ये क्रँकचं बेअरिंग वाजायला लागलं तेव्हा नानांनी गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. "करू दुरुस्त" म्हणता म्हणता सत्तावीस वर्षं गेली. नाना आता चौऱ्याऐंशीचे आहेत. मी बावन्नची. १९९० मध्ये तपोवनातल्या मोकळ्या मैदानावर मी दुचाकी शिकले ती हिच्यावरच.

रंग आणि क्रोम येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. खरं काम आत असतं. क्रँक प्रेसवर उघडून नवा कनेक्टिंग रॉड बसवला, ते सातपूरच्या एका लेथवाल्यानं केलं. सिलेंडरला बोअर मारून पुढच्या मापाचा पिस्टन घातला. दोन्ही चाकांचे स्पोक नवे, चाचांच्या मुलानं एकेक ताणून चाकाची लचक काढली. सायलेन्सरमध्ये तीस वर्षांचं काजळ साचून दगड झालं होतं. ते जाळून, ठोकून, कॉस्टिकच्या पाण्यात बुडवून काढण्यात आठवडा गेला. बारा व्होल्ट करून घ्या, इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावा, कटकट मिटेल, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी नाही म्हटलं. सहा व्होल्टचा डायनामो आणि ठिणगी पाडणारे प्लॅटिनम पॉइंट तसेच ठेवले. पॉइंटमधली फट किती हवी हे नानांच्या बोटांना ठाऊक आहे. पॉइंटच काढून टाकले तर ते ज्ञान आमच्या घरात कुणाच्या कामाचं?

नोंदणीचंही थोडं सांगते, कारण जुनी गाडी काढणारे सगळे तिथेच अडतात. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळे विंटेज नियम आले. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण तशी नोंद केली की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, प्रदर्शन आणि रॅली यांपुरतीच राहते. मला ती रस्त्यावर हवी होती. म्हणून पर्यावरण कर भरून नेहमीचंच पाच वर्षांचं नूतनीकरण केलं. नंबर जुनाच राहिला, तीन अक्षरी.

चाचांनी गाडी स्टँडवर चढवली आणि बाजूला झाले. कॉक उघडला. कार्बोरेटरचा टिकलर दाबून धरला, पेट्रोलचे दोन थेंब बोटावर येईपर्यंत. खिळ्यासारखी ती किल्ली खोचली. (त्या काळी कुठल्याही जावाची किल्ली कुठल्याही जावाला लागायची, आणि तरी लोक रात्री निश्चिंत झोपायचे.) जावात गिअरचा दांडा आणि किक एकच असते, डाव्या पायाशी. दांडा आत दाबून मागे फिरवला की त्याची किक होते, आणि पुढे आणला की परत गिअर. पहिल्या दोन किका मी रेस न देता मारल्या, नुसतं पेट्रोल आत ओढण्यासाठी. तिसऱ्या किकेला ती बोलली.

तो आवाज मला लिहून दाखवता येणार नाही. सिलेंडर एकच, पण धूर बाहेर जायला दोन वाटा आणि दोन सायलेन्सर. त्यामुळे आवाज दोन्ही बाजूंनी येतो, आणि मंद चालताना एकसारखा येत नाही. अडखळतो, मग दोन ठोके भरभर पडतात, परत अडखळतो. गल्लीत निळा धूर भरला. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी ऑइलचा वास आला आणि मी आठ वर्षांची झाले. चाचा तोंडावर रुमाल धरून उभे होते. धुरासाठी नव्हे.

गाडगे महाराज पुलावरून नदी ओलांडली. पाण्यावर धुकं होतं आणि रामकुंडाकडून सकाळची घंटा ऐकू येत होती. हिरावाडीत आमच्या फाटकाशी नाना स्वेटर-माकडटोपी घालून उभे होते. कधीपासून, कोण जाणे. मी गाडी बंद करायला गेले तर त्यांनी हातानं थांबवलं. काठी फाटकाला टेकवली, मागे गेले, वाकले आणि एकेक तळवा एकेका सायलेन्सरच्या तोंडाशी धरला.

"दोन्हीकडे सारखं आहे," ते म्हणाले. मग तळवे एकमेकांवर घासून वास घेतला. "तेल किती घातलंस?"

"वीसास एक. लिटरला पन्नास मिली."

"पाचशे किलोमीटर तेच ठेव. पन्नासच्या वर जायचं नाही, पण एकाच वेगातही चालवायचं नाही. कमी कर, जास्त कर. रिंगांना सिलेंडरशी ओळख करू दे."

मग त्यांनी एक काम सांगितलं, जे मी पुढचे सगळे दिवस केलं. "येताना गल्लीच्या तोंडाशी क्लच दाब आणि किल्ली उपस. तशीच घरंगळत ये. घरी आल्यावर प्लग काढून मला दे." प्लगच्या टोकाचा रंग इंजिन आतून कसं जळतंय ते सांगतो. पण गाडी दारात उभी राहून नुसती धडधडत राहिली की तो रंग बदलतो. चालत्या गाडीचा रंग पाहायचा तर चालत्या गाडीतच आग विझवावी लागते.

पहिल्या दिवशी फार लांब गेले नाही. अशोक स्तंभ, गंगापूर रोड, सोमेश्वर, पुढे गंगापूर धरणाच्या मातीच्या भिंतीच्या अंगानं गिरणारे. रस्ता सपाट आणि डिसेंबरची थंडी. दर पंधरा किलोमीटरला गाडी सावलीत उभी करून थांबले. गिरणाऱ्याच्या टोमॅटो बाजारात क्रेट चढत होते. तिथे चहा घेतला आणि परत फिरले. पहिल्या चाळीस किलोमीटरमध्ये माझे हात सतत ब्रेकवर होते, कारण तिचे ड्रमब्रेक आजच्या गाड्यांसारखे लगेच पकडत नाहीत. ते विनंती केल्यासारखे लागतात. पुढच्या माणसापासून दुप्पट अंतर ठेवायचं, बस.

क्लचची मात्र गंमत आहे. जावाचा गिअरचा दांडा हलला की आतून क्लच आपोआप सुटतो. नाना हात न लावता गिअर बदलत आणि मागे बसलेल्या आईला झटका म्हणून कधी बसला नाही. मला ते अजून जमत नाही.

गल्लीच्या तोंडाशी किल्ली उपसली. एकदम शांतता. फक्त टायरचा आवाज आणि साखळीची पेटीत होणारी हलकी सळसळ. प्लग काळा आणि ओला निघाला. नानांनी तो पुसलाही नाही. "तेल जास्त आहे, धाव कमी झाली. असू दे."

शनिवार : त्र्यंबक, पहिने, वैतरणा, घोटी

साडेसहाला निघाले. हातमोज्यांच्या आत बोटं दुखत होती. त्र्यंबक नाक्यापासून सातपूरपर्यंत रस्ता मोकळा होता, पुढे सिंहस्थाच्या तयारीची खोदाई. कुठे खडी, कुठे एकाच बाजूनं वाहतूक. जड गाड्यांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरात रखडणं नव्या पिस्टनला चांगलं नसतं, म्हणून दोनदा गाडी बाजूला घेऊन ओळ पुढे जाऊ दिली. अंजनेरीच्या डोंगरावर ऊन आलं होतं. त्र्यंबकला शनिवारची दर्शनाची रांग पाहून बाहेरूनच हात जोडले, चहा घेतला आणि घोटीच्या रस्त्याला लागले.

हा रस्ता मी गाडी बघूनच निवडला होता. पहिने बारी पावसाळ्यात पाहिलेल्या माणसाला डिसेंबरमध्ये ओळखू येत नाही. धबधबे गेलेले असतात, माणसं गेलेली असतात, डोंगरउतारांवरचं गवत पिवळं पडून आडवं झालेलं असतं आणि कातळाचे काळे पट्टे उघडे पडतात. वळणं लांब, रस्ता वरखाली. चाळीसच्या वेगाला अशा रस्त्यावर काही कमी पडत नाही. भात कापून झालं होतं. खळ्यांवर झोडणी चालू होती आणि बायका हातातलं काम थांबवून आवाजाच्या दिशेनं बघत. एका आजींनी हात उंच करून हलवला, मीही हलवला.

पहिन्याच्या पुढे एका लांब चढावर तिचा आवाज बदलला.

फार नाही. ठोक्याच्या मागे जो एक जाड, ओला पडदा असतो तो गेला. आवाज कोरडा झाला, वर चढला, टणटण करायला लागला. आणि गाडी क्षणभर जोरात धावली. नवख्याला वाटेल, वा, इंजिन मोकळं झालं. मला लहानपणापासून एकच गोष्ट ऐकवलेली आहे : टू-स्ट्रोक मरताना आधी हुशारी दाखवते. मी क्लच दाबला, किल्ली उपसली आणि चढावर वेग संपेपर्यंत तशीच जाऊ दिली.

कारण सांगते. या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला आणि क्रँकला वंगण द्यायला वेगळी व्यवस्था नाही. तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं, पेट्रोलबरोबरच ते आत जातं. म्हणजे पेट्रोल कमी पडलं की उष्णता वाढते आणि नेमकं त्याच वेळी तेलही कमी पडतं. पिस्टन फुगतो, सिलेंडरला पकडतो आणि नव्या बोअरवर ओरखडे उठतात. दीड वर्षाचं काम दहा सेकंदांत जातं. त्यात सकाळची हवा थंड, म्हणजे दाट. तेवढ्याच पेट्रोलला जास्त हवा मिळते. त्यात पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. ते जळायला हवा कमी लागते, म्हणून कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल ज्या भोकातून जातं तो भाग) मिश्रण आणखी विरळ होतं. हे सगळं धरून चाचांनी मेन जेट एक माप मोठा घातला होता, रबरी नळी आणि वायसर इथेनॉलला टिकणारे बसवले होते. तरीही हे झालं.

सिलेंडरच्या पंखांवर हात धरवत नव्हता. तापलेलं लोखंड निवताना करतं तशी टिकटिक चालू होती. रस्त्याकडेला बसले आणि फोनची एक काडी रेंज सापडेपर्यंत हात वर धरून फिरले.

"किक फिरते का?" नानांचा पहिला प्रश्न.

"अजून पाहिली नाही. तापली आहे."

"पाहू नकोस. अर्धा तास हात लावू नको. मग हातानं, पायानं नाही, सावकाश फिरव. फिरली की कार्बोरेटरची नळी काढ, कॉक उघड आणि धार बघ."

अर्धा तास फार मोठा असतो. खळ्यावरची एक बाई तांब्याभर पाणी घेऊन आली. काय झालं विचारलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि माझ्या शेजारी बसली. भाताचं सांगत होती, अवकाळीनं आडवं पडलेलं किती वाया गेलं ते. मी ऐकत होते आणि कान टिकटिकीकडे होते. ती थांबल्यावर उठले. दांडा हातानं दाबून सावकाश फिरवला. फिरला. कुठे अडकला नाही, कुठे खरवडला नाही. त्या क्षणी मला रडू आलं आणि ती बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "लागली का सुरू?" अजून लागली नव्हती, पण लागणार होती.

नळी काढून कॉक उघडला. करंगळीएवढी यायला हवी ती धार दोऱ्याएवढी येत होती. कॉक उलगडला तर जाळीवर विटकरी रंगाचा गाळ. टाकी आतून घासून, आम्लानं धुऊन घेतली होती, पण सांध्याच्या आतल्या कडेला राहिलेला गंज पहिल्या शंभर किलोमीटरच्या हादऱ्यांनी सुटला होता. जाळी रुमालानं पुसली. मेन जेट काढून उन्हाकडे धरला, भोकात कण होता. माझा हात केसातल्या पिनेकडे गेला आणि फोनवरून नाना जणू बघत असल्यासारखे म्हणाले, "तार घालू नकोस. भोक मोठं होईल. फुंक." चार वेळा उलट्या बाजूनं फुंकलं. पाचव्यांदा भोकातून सूर्य दिसला.

पुढचा रस्ता पस्तीसनं काढला. वैतरणेचं पाणी उजवीकडे-डावीकडे लकाकत होतं, पण खरं सांगायचं तर मी ते पाहिलं नाही, आवाजच ऐकत राहिले. घोटीत भाताच्या गिरण्यांपाशी नव्या इंद्रायणीचा वास येत होता. पाच किलो तांदूळ घेऊन मागच्या सीटला बांधला, भेळभत्ता खाल्ला आणि दर वीस मिनिटांनी थांबत महामार्गाच्या अगदी डाव्या कडेनं वाडीवऱ्हे, विल्होळी, पांडवलेणी करत घरी आले.

प्लग पांढरट होता. नानांनी भिंग मागितलं. चष्म्यावर भिंग धरून, प्लग खिडकीकडे फिरवत फिरवत, ते किती वेळ पाहत होते कोण जाणे. मी विचारलं, काय शोधताय?

"चंदेरी कण. पिस्टन वितळायला लागला की अ‍ॅल्युमिनियमचे बारीक दाणे प्लगवर येऊन चिकटतात."

"आहेत?"

त्यांनी आणखी एकदा प्लग फिरवला. "नाहीत." मग भिंग घडीच्या रुमालात गुंडाळून ठेवत म्हणाले, "वेळेवर ऐकलंस."

नानांनी माझ्या कुठल्याही परीक्षेच्या निकालावर याहून मोठं वाक्य उच्चारलेलं नाही.

रविवार : दिंडोरी, वणी, सप्तशृंगगड

सकाळी सातला चाचा स्कूटरवर आले, न बोलावता. खिशात कागदाच्या पुडीत पेट्रोलचा छोटा पारदर्शक फिल्टर. टाकी पूर्ण रिकामी करून, हलवून, दोनदा धुतली. तिन्ही वेळचं पेट्रोल पांढऱ्या थाळीत ओतून तिघांनी वाकून पाहिलं. तिसऱ्या वेळी थाळीत काही राहिलं नाही. तेव्हा कुठे मला जायची परवानगी मिळाली.

म्हसरूळ सोडलं की दिंडोरी रस्ता द्राक्षांचा होतो. बागांमध्ये डिपिंग चालू होतं. मजुरांच्या रांगा वेलींखाली उभ्या राहून एकेक घड जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड या संजीवकाच्या) पाण्यात बुडवत होत्या. दिंडोरीच्या पुढे एका बागेपाशी गाडी निववायला थांबले तेव्हा कळलं की सीटखाली बांधलेली तेलाची बाटली झाकणापाशी गळून अर्धी झाली आहे. परतीच्या पेट्रोलला पुरणार नाही. एके काळी प्रत्येक पंपावर टू-टी ऑइलचं हातानं फिरवायचं यंत्र असायचं, लिटरमागे माप सोडणारं. आता पंपावरची पोरं विचारतात, ते काय असतं?

बागेचे मालक फाटकाशी आले होते. गाडीपेक्षा त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या बाटलीकडे गेलं. "टू-टी का? कितीचं घालता?" मी वीसास एक म्हणाले. ते म्हणाले, "आमचा फवारणीचा पंप पंचविसास एक घेतो." पाठीवरच्या पंपांची आणि गवत कापायच्या यंत्रांची इंजिनं आजही बरीचशी टू-स्ट्रोकच असतात, आणि त्यामुळे जे तेल शहरातल्या पंपावर मिळेनासं झालंय ते वणीच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, हे मला त्यांनी सांगितलं. दुकानाची खूणही सांगितली. यंदा पावसानं घडच कमी लागलेत, हेही सांगितलं, पण सांगताना हात वेलीवरून फिरतच होता. वणीत खरंच मिळालं, कीटकनाशकांच्या डब्यांच्या शेजारी. आधी तेल, मग त्यावर पेट्रोल, म्हणजे धारेबरोबर नीट मिसळतं.

नांदुरीपासून गडाचा घाट. दुसऱ्या गिअरात, घाई न करता. नाशिकच साधारण ६०० मीटरवर आहे, इथून पुढे हवा आणखी विरळ होत जाते, म्हणजे आदल्या दिवसाच्या अगदी उलट. मिश्रण जाड होतं, गाडी थोडी घुसमटते, धूर वाढतो. पण घुसमटलेली टू-स्ट्रोक मरत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. दोनदा थांबून निववली. वर पोचल्यावर फ्युनिक्युलर ट्रॉलीच्या रांगेत न जाता पायऱ्यांनी गेले, दर्शन घेतलं. अठरा हातांच्या त्या मूर्तीपुढे उभं राहिलं की मान वर करावीच लागते. आईच्या वतीनं ओटी भरली. आई जाऊन सहा वर्षं झाली.

मला ज्याच्याबद्दल लिहायचं होतं ते उतरताना घडलं.

उतारावर आपण काय करतो? रेस पूर्ण सोडतो आणि गाडीला आपल्या वजनानं जाऊ देतो. चार स्ट्रोकच्या गाडीला ते चालतं. हिला चालत नाही. रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद, आणि चाकं तर इंजिनाला फिरवतच असतात. पिस्टन कोरडा पळत राहतो. पहिल्या वळणावर मी रेस सोडली आणि दुसऱ्या वळणाच्या आधी माझ्या तोंडातून आपोआप शब्द आला : "घोट!"

मी गाडी जवळजवळ थांबवलीच.

दर दिवाळीला आम्ही कल्याणला आत्याकडे जायचो, याच गाडीवर. आई मागे, मी पुढे टाकीवर, नानांच्या दोन्ही हातांच्या मधे. कसारा घाट उतरायला लागलो की नाना माझ्याशी एक खेळ खेळायचे. प्रत्येक वळण आलं की मी ओरडायचं, "घोट!" मग नाना क्लच धरून एकदा रेस द्यायचे, गाडी गुरगुरायची, आणि मी हसून हसून पुढे पडायची. गाडीला तहान लागते, वळणावळणावर तिला घोटभर पाजावं लागतं, असं ते सांगायचे. मी एकही वळण चुकवत नसे. माझ्या डोक्यात तो खेळ म्हणूनच राहिला होता. टू-स्ट्रोकचं वंगण मला गेल्या दीड वर्षात समजलं, पुस्तकं वाचून, चाचांना विचारून. पण ही दोन टोकं मी कधी जोडली नव्हती. पाच वर्षांच्या पोरीला टाकीवर बसवून, तिच्या गळ्यातून ते स्वतःसाठी आठवण करून घेत होते. दोन्ही हात ब्रेक आणि हँडलमध्ये गुंतलेले, मागे बायको, पुढे मूल, शेजारून ट्रक. वळण मोजायचं काम त्यांनी मला दिलं होतं.

गडाची उरलेली सगळी वळणं मी मोठ्यानं ओरडत उतरले. घोट. क्लच, थोडी रेस, क्लच सोड, ब्रेक. घोट. वर चढणाऱ्या एका जीपमधली माणसं बघत होती. नांदुरीला पोचून सिलेंडरला हात लावला, कोमट होता.

घरी यायला अंधार पडला. सहा व्होल्टचा दिवा रस्ता दाखवत नाही, समोरच्याला आपण आहोत एवढं कळवतो. दिंडोरीपासून पुढे एका ट्रॅक्टरच्या मागोमाग आले. गल्लीत घरंगळले. प्लग एका बाजूनं हवा तसा कॉफीच्या रंगाचा, दुसऱ्या बाजूनं अजून काळपट. नाना म्हणाले, "येतोय."

घोटाचं मी त्यांना काही सांगितलं नाही. का नाही, ते तेव्हा कळलं नाही, आत्ताही नीट सांगता येणार नाही.

सोमवार : ओझर

शाळेत एक दिवसाची रजा टाकली होती, गाडीचे नट-बोल्ट पुन्हा आवळून घेण्यासाठी. सकाळी बाहेर आले तर नाना बूट घालून पायरीवर बसलेले. मांडीवर हेल्मेट.

"फक्त कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत," मी म्हणाले.

कोपऱ्यावर थांबून विचारलं, कमरेला त्रास होतोय का? त्यांनी नुसता पुढे हात दाखवला. आडगाव नाक्यावर परत विचारलं, परत हात. मग विचारणं सोडून दिलं. उड्डाणपुलांच्या खालून, सर्व्हिस रोडनं, चाळीसच्या आत. त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते, हलके. खड्डा आला की ते माझ्या आधी उचलले जात. हा रस्ता त्यांच्या वेळी दोन पदरी होता आणि दोन्ही बाजूंना झाडं होती. आता कुठलं वळण कुठे गेलं ते मला ओळखू येत नाही, पण 'दहावा मैल' आल्यावर त्यांनी डावा खांदा दाबला. थांबायचं. इथे कुठेतरी चहाची टपरी होती, रात्रपाळीवरून येताना सगळे इथे थांबत. टपरी नव्हती. गाडी निवेपर्यंत तिथेच उभे राहिलो.

ओझरला कारखान्याच्या फाटकापासून बऱ्याच अंतरावर गाडी लावली. आत जायचा प्रश्नच नव्हता. मिग-२१ ला हवाई दलानं २०२५ मध्ये २६ सप्टेंबरला चंडीगडमध्ये निरोप दिला, तेव्हा नानांनी टीव्हीसमोरून उठून आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं होतं. त्याच ऑक्टोबरमध्ये इथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए इथूनच उडालं, त्या बातमीचं कात्रण मात्र त्यांनी स्वतः कापून ठेवलंय. आम्ही दहा-पंधरा मिनिटं थांबलो. एक विमान आवाज करत गेलं, ढगांमुळे दिसलं नाही. नाना आवाजाच्या दिशेनं मान फिरवत राहिले, तो पूर्ण विरेपर्यंत. मग म्हणाले, "चल, सिलेंडर फार गार होऊ देऊ नकोस."

परतताना आडगावच्या अलीकडे रस्ता एका पुलावरून खाली उतरतो. उतार काही मोठा नाही. मी रेस सोडली.

कानाशी हेल्मेट येऊन टेकलं.

"घोट," नाना म्हणाले.

मी क्लच धरला, दिला. ती गुरगुरली. उतार संपेपर्यंत आणखी दोनदा ते म्हणाले, मी दोनदा दिला.

गल्लीच्या तोंडाशी किल्ली उपसली. दोघांच्या वजनानं गाडी नेहमीपेक्षा लांब घरंगळली, पार फाटकाच्या आत, शेडपर्यंत. मी पाय टेकवून तोल धरला आणि नानांच्या उतरण्याची वाट पाहू लागले. ते उतरले नाहीत. माझ्या खांद्यावरून त्यांचा हात पुढे आला, प्लगच्या पान्यासाठी.